पुढचे शिवण कोणते?

एका निवृत्त शाळामास्तराने नभोवाणीवरून शिवणकामाविषयी बोलावे, याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटेल. तेव्हा प्रारंभीच सांगून टाकतो की, मी शिंपी नव्हे आणि शिवणशास्त्राचा पंडित तर मुळीच नव्हे. जुनी अकरावी, म्हणजे ज्याला आमच्या घरची वडील माणसे मॅट्रिक म्हणत, तेवढ्याच शिदोरीवर मी शिक्षकी पेशात शिरलो. कोठारी आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात शालेय शिक्षणाला 'कार्यानुभवा'ची जोड असावी असे सुचविले होते; पुढे तो विषय वेळापत्रकात आला, आणि आमच्या शाळेत तो शिकविण्यास दुसरे कोणीच पुढे येईना म्हणून माझ्या गळ्यात पडला. मुलांना गुंडी लावणे, धावदोरा घालणे, रुमालाची कड दुमडून टाके घालणे एवढे शिकवावयाचे होते. मला त्यांपैकी एकही गोष्ट येत नव्हती. रविवारी रात्री आईजवळ बसून जे शिकावे तेच सोमवारी वर्गात शिकवावे, असा क्रम कित्येक महिने चालला. माझ्या शिवणविद्येचा उगम हा असा आहे.

पुढे सौभाग्यवतींची बोटे संधिवाताने आखडू लागली, आणि घरातले हाताने फिरवावयाचे जुने शिवणयंत्र हळूहळू माझ्याकडे आले. शिवता येऊ लागल्यावर मात्र एक निराळीच अडचण उभी राहिली. शिवावे कसे, हे पुस्तकांत सापडते, शेजारची सुगृहिणीही सांगते. परंतु हातातले काम संपल्यावर पुढचे कोणते घ्यावे, हे कोणी सांगत नाही. प्रश्न क्षुल्लक वाटतो. तथापि ज्या घरात सुई चालते त्या घरात विचारून पाहा. काम करण्यात जेवढा वेळ जातो, त्याहून अधिक वेळ कोणते काम करावे या विचारात गेलेला असतो. आजचे माझे बोलणे याच प्रश्नाविषयी आहे.

हा प्रश्न आपल्या आज्यांना फारसा पडत नसावा. सगळे हातानेच शिवावयाचे म्हटल्यावर एक काम हातावेगळे व्हायला चार दिवस लागत. निवड करण्याचा प्रसंगच महिन्यातून पाच-सात वेळा येई. यंत्राने हे सारे पालटले. १८३० साली थिमोनिये नावाच्या एका फ्रेंच शिंप्याने शिवणयंत्राचे पेटंट मिळविले. पण पुढल्याच वर्षी आपल्या पोटावर पाय येईल या धास्तीने इतर शिंप्यांनी त्याच्या कारखान्यावर चाल करून यंत्रे मोडून टाकली. १८४६ साली अमेरिकेत एलायस हौ याने दोन दोऱ्यांचा गुंतवा करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि १८५१ साली सिंगरचे सुधारलेले यंत्र पुढे आले. यंत्रांविषयी कठोर मत बाळगणाऱ्या गांधीजींनीदेखील १९२४ साली 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झालेल्या एका संभाषणात शिवणयंत्राचा अपवाद केला होता. पत्नीचे कष्ट वाचावेत या प्रेमातून ते जन्मले, असे त्यांचे म्हणणे होते. कष्ट वाचले, यात शंका नाही. परंतु काम लवकर संपू लागल्यामुळे 'आता पुढे काय?' हा प्रश्न मात्र रोज संध्याकाळी उभा राहू लागला. आणि माणसाचा स्वभाव असा की, त्याला संपवण्यापेक्षा आरंभ करणे अधिक आवडते.

माझीच गोष्ट सांगतो. मागल्या मार्गशीर्षात एके दिवशी नेत्रवैद्यांकडे गेलो होतो. उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू पिकत आला आहे, माघात शस्त्रक्रिया करून टाकू, असे त्यांनी सांगितले. तोपर्यंत नजर दिवसेंदिवस मंद होणार, आणि नंतरही काही आठवडे डोळ्याला जपावे लागणार, हे ऐकून मी घरी आलो आणि प्रथम शिवणाची ट्रंक उघडली. हाती महिना-दीड महिना आहे, त्यात काय काय होईल, याचा हिशेब करावा हा हेतू. ट्रंकेतून निघालेले सामान सतरंजीवर मांडले. सौभाग्यवती दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

म्हण अगदी अक्षरशः खरी होती. पाच गाठोडी निघाली. पहिल्यात सव्वा वार काळे सुती कापड होते. आमच्या कन्येची मुलगी दहा महिन्यांची. संक्रांतीला तिचे बोरन्हाण व्हावयाचे होते, आणि हलव्याच्या दागिन्यांखाली घालण्याचे काळे झबले आजोबांनी शिवावे असे ठरले होते. दुसऱ्यात गुळेदगुडचा एक सुंदर खण, सौभाग्यवतींच्या चोळीसाठी आणलेला. तो तसाच घडीत राहून दोन दिवाळ्या झाल्या होत्या. तिसऱ्यात उशांचे चार अभ्रे, त्यांपैकी दीड शिवून झालेला. चौथे गाठोडे म्हणजे एक कागदी पिशवी. तीत आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या मुलाची शाळेची पँट होती, बैठकीच्या ठिकाणी वीतभर उसवलेली. बाईंनी ती आठ दिवसांपूर्वी आणून दिली होती. आणि पाचवे गाठोडे सर्वांत खाली होते. त्याच्याविषयी पुढे सांगतो. त्या दिवशीही मी ते उघडले नाही, नुसते बाजूस सारले.

आता क्रम लावावयाचा. मनाला विचारले तर ते म्हणाले, खण घे. रंग तजेलदार, काठ नक्षीदार. असे कापड हातात आले की कात्री आपोआप चालू लागते. पण अशाच ओढीने आरंभिलेली दीड अभ्र्याची साक्ष समोर पडली होती. तेव्हा मन बाजूस ठेवून, वर्गात गणित सोडविताना करतो तसा एकेक विचार क्रमाने केला. तोच आपणांपुढे ठेवतो.

पहिला विचार वेळेचा. कोणत्या वस्त्राची तिथी ठरलेली आहे? संक्रांत शिंप्यासाठी थांबत नाही. शिवाय मूल वाढते, उशी वाढत नाही. दहाव्या महिन्याच्या मापाचे झबले बाराव्या महिन्यात काखेत काचू लागते. म्हणून लहान मुलाचे शिवण नेहमी मोठ्या माणसाच्या आधी घ्यावे आणि बेतताना बोटभर सैलच ठेवावे.

दुसरा विचार कापडाच्या तयारीचा. पुष्कळ वेळा आपण काम निवडतो, आणि बसल्यावर ध्यानात येते की कापड अद्याप पाण्यातून काढलेले नाही. कोरे सुती कापड पाहिल्या धुण्यात आटते. वारामागे इंच-दीड इंच जाणे ही काही मोठी गोष्ट नव्हे. मी एकदा कोऱ्या मांजरपाटाचा लेंगा तसाच बेतून शिवला. शिवला तेव्हा तो घोट्यापर्यंत होता; पहिल्या धुण्यानंतर घोट्याच्या वर चार बोटे गेला, आणि तो घालून मी बाजारात गेलो तेव्हा माझाच एक जुना विद्यार्थी मोठ्या आदराने विचारता झाला, "गुरुजी, रस्त्यात पाणी साचले आहे काय?" तेव्हापासून माझा नियम असा की, आज एक काम चालू असताना पुढच्या कामाचे कापड भिजवून, वाळवून, इस्त्री करून ठेवावे. जे कापड तयार आहे, त्याचीच निवड करता येते. जे तयार नाही, त्याचे नुसते मनोरथ होतात.

तिसरा विचार दोऱ्याचा आणि सुईचा. यंत्रात काळा दोरा आहे तोवर घरातली काळी व गडद कामे एका बैठकीत उरकावीत. वरचे रीळ बदला, खालची बॉबिन भरा, ताण पुन्हा जुळवा, यात पाव तास सहज जातो. सुईचेही तसेच, पातळ सुती कापडाला अकरा क्रमांकाची, साधारण कापडाला चौदाची, जाड पँटीला सोळाची, असा सर्वसाधारण प्रघात आहे. पातळ कापडात जाड सुई घातली तर टिपेची भोके दिसतात, आणि जाड कापडात बारीक सुई घातली तर ती मोडते.

चौथा विचार उजेडाचा, आणि माझ्या वयाच्या माणसांना तो सर्वांत महत्त्वाचा. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याचे काम दुपारी बारा ते तीन या वेळात खिडकीपाशीच करावे. दिव्याखाली ते करू म्हणणे म्हणजे डोळ्यांशी वैर करणे होय. सुई ओवताना तिच्या नेढ्यामागे पांढऱ्या कागदाचा कपटा धरला आणि दोऱ्याचे टोक तिरपे कापले, तर मंद नजरेलाही नेढे सापडते. उलटपक्षी धावदोरा, उसवण काढणे, गुंडी लावणे ही कामे रात्री गप्पा मारीत, नभोवाणी ऐकत होऊ शकतात. तेव्हा दिवसाचे एक काम आणि रात्रीचे एक काम, अशी दोनच कामे एका वेळी हाती असावीत. तिसरे आरंभिले की पहिले ट्रंकेत जाते, हा माझा अनुभव आहे.

येणेप्रमाणे विचार करून मी कागदावर लिहिले : प्रथम झबले, मग चोळी, मग अभ्रे, आणि पँट जमेल तेव्हा. कागद सौभाग्यवतींना दाखविला. त्यांनी तो वाचला आणि विचारले, "त्या मुलाला दुसरी पँट आहे का?"

मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी बाईंना विचारले. त्या संकोचून म्हणाल्या की, दुसरी आहे, पण ती गणवेशाची नव्हे. म्हणून मुलगा आठ दिवस शर्ट बाहेर काढून तीच उसवलेली पँट घालतो, नाहीतर घरी राहतो. पिशवीत आणून दिली होती ती दुसरी, आणखी जुनी. ती शिवून मिळाली म्हणजे पहिली टाकता येईल, असा त्यांचा बेत होता. श्रोतेहो, मी तीसांहून अधिक वर्षे शिक्षक होतो. गणवेश नाही म्हणून मुलांना वर्गाबाहेर उभे करणाऱ्यांत मीही होतो. त्यांच्या घरी कोणाच्या तरी ट्रंकेत एखादी पिशवी पडून राहिली असेल, हा विचार त्या काळी माझ्या मनाला शिवला नाही. यंत्रात सोळाची सुई घातली, दुहेरी टीप मारली, आतून एक ठिगळ लावले. घड्याळात पाहिले तर अठरा मिनिटे झाली होती. अठरा मिनिटांच्या कामासाठी एका मुलाने आठ दिवस काढले होते.

त्यामुळे वर सांगितलेल्या चारही विचारांच्या आधी आणखी एक विचार घालणे मला भाग पडले. तो असा : या वस्त्राची कोणी वाट पाहत आहे काय, आणि तो वाट पाहणारा तगादा लावू शकतो काय? जो तगादा लावू शकतो त्याचे काम कसेही होतेच. नातीच्या झबल्यासाठी कन्येचे रोज दोन दूरध्वनी येत होते. जो लावू शकत नाही त्याचे काम तळाशी जाते.

आणि हा विचार मनात आल्यावर मला ते पाचवे गाठोडे उघडावेच लागले.

त्यात माझ्या आईची वाकळ होती. तिने आपले एक निळे नऊवारी लुगडे त्यासाठी काढले होते. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. त्याची चौघडी केली की पावणेसात फूट लांब आणि सुमारे चार फूट रुंद असे चार थर होतात. मध्ये माझ्या वडिलांचे एक जुने धोतर तिने दुहेरी करून घातले होते. पाऊण इंचाच्या अंतराने पांढऱ्या दोऱ्याचा धावदोरा घालीत तिने तेवीस ओळी पुऱ्या केल्या आणि तिची नजर गेली. भाद्रपदातली गोष्ट आहे. मला जवळ बोलावून ती म्हणाली, "अरे, आता सुईचे नेढे दिसत नाही. उरलेल्या ओळी तू घाल. थंडीच्या आत झाली तर बरे." मी म्हणालो, "सहामाही परीक्षा संपू दे." माझ्या नोकरीचे ते शेवटचे वर्ष होते. परीक्षा संपली, दिवाळीची सुटी आली. त्या सुटीत मी यंत्रावर बैठकीच्या लोडांना नव्या खोळी शिवल्या, कारण पाहुणे यावयाचे होते आणि कापड फार सुरेख मिळाले होते. आईने पुन्हा विचारले नाही. पौषात ती गेली. तिला थंडी बाधली असे नव्हे; घरात रगांना तोटा नव्हता. परंतु तिला तिची वाकळ हवी होती, आणि मी ती गाठोड्यात बांधून आठ वर्षे ट्रंकेच्या तळाशी ठेवली. प्रत्येक वेळी पुढचे शिवण निवडताना माझा हात त्या गाठोड्याला चुकवून जात असे.

त्या रात्री मास्तराच्या सवयीने मी हिशेब केला. अठ्ठेचाळीस इंच रुंदी, पाऊण इंचाचे अंतर, म्हणजे एकूण चौसष्ट ओळी. तेवीस झालेल्या, उरल्या एक्केचाळीस. एक ओळ घालून पाहिली. इंचाला चार टाके धरून एक्क्याऐंशी इंचांना वीस मिनिटे लागली. एक्केचाळीस गुणिले वीस, आठशे वीस मिनिटे. तेरा तास आणि चाळीस मिनिटे. आठ वर्षे ज्या कामाचा डोंगर मनावर बाळगला, ते चौदा तासांचेही नव्हते. काम मोठे आहे म्हणून आपण ते टाळतो, असे आपण समजतो. वस्तुतः टाळल्यामुळे ते मोठे दिसू लागते. आणि एकदा लाज त्यात मिसळली म्हणजे मग ते मोजण्याचे धैर्यही होत नाही. म्हणून माझी विनंती आहे की, अर्धवट पडलेले जे काम आपणांस भिववीत असेल, त्याचा आधी हिशेब तरी करा. ओळी मोजा, एका ओळीला लागणारा वेळ मोजा आणि गुणाकार करा. उत्तर बहुधा आपल्या भीतीपेक्षा लहान येते.

मग क्रम आपोआप लागला. दुपारी खिडकीपाशी झबले, रात्री वाकळ. झबले संक्रांतीच्या चार दिवस आधी झाले. एक बाही दुसरीहून किंचित लांब आहे. पण नातीने बोरे वेचण्याच्या गडबडीत त्याविषयी तक्रार केली नाही. वाकळीच्या रोज तीन ओळी घातल्या, शेवटच्या दिवशी दोन. चौदा रात्रींत ती पुरी झाली. निळ्यावर पांढरा दोरा, जाड टाका. मोतीबिंदूच्या डोळ्यालाही तो दिसत होता, आणि दिसला नाही तेथे बोटांनी चाचपता येत होता. खण मात्र अद्याप घडीतच आहे. दृष्टी निवळल्यावर चोळी शिवावयाची, असे सौभाग्यवतींनीच ठरविले; बारीक काम आहे, अंधुक डोळ्यांनी त्याची नासाडी करू नये, हे त्यांचे म्हणणे मला पटले. निवड करणे म्हणजे काही कामे जाणूनबुजून मागे ठेवणे होय, आणि ती ज्याची आहेत त्याला विचारून मागे ठेवणे हे उत्तम. अभ्रे मी एका शिवणवर्गाच्या मुलींना सरावासाठी देऊन टाकले. जे काम आपल्या हातून होणार नाही, ते वेळीच दुसऱ्याच्या हाती सोपविणे यात कमीपणा नाही.

माघात शस्त्रक्रिया झाली. त्या रात्री डोळ्यावर पट्टी होती आणि गारठाही होता. सौभाग्यवतींनी ती वाकळ माझ्या अंगावर घातली. मी हाताने चाचपून पाहिली. एका बाजूच्या ओळी सरळ, टाके सारखे. पुढे ओळी थोड्या वाकड्या, टाके लहानमोठे. आईचे काम कोठे संपले आणि माझे कोठे सुरू झाले, हे न पाहताही कळत होते. ती ज्यासाठी वाकळ मागत होती ती थंडी केव्हाच होऊन गेली. ते ऋण वाकळ पुरी करून फिटले, असे मी म्हणणार नाही. पण ट्रंकेच्या तळाशी आता काही नाही, आणि पुढचे शिवण निवडताना माझा हात कशालाही चुकवून जात नाही.

श्रोतेहो, आपल्याही घरी अशी एखादी ट्रंक, टोपली किंवा कपाटाचा खालचा कप्पा असेल. त्यातील गाठोडे शिवणाचेच असेल असे नाही; कोणाचे अनुत्तरित पत्र असेल, कोणाला देऊ केलेले पुस्तक असेल. उद्या नवे काम हाती घेण्यापूर्वी ते सर्व एकदा सतरंजीवर मांडा. कापड कोणते सुंदर आहे हे मागाहून पाहावे. कोण वाट पाहत आहे, आणि त्यांत कोण गप्प आहे, एवढे आधी पाहावे. पुढचे शिवण कोणते, याचे उत्तर तेथे सापडेल.